कवळीच्या अॅक्रिलिकमध्ये झिर्कोनियाचे नॅनोकण: प्रकल्प नोंदी

५ जून

प्रकल्पाचा प्रश्न आज माझ्या मार्गदर्शक मॅडमसोबत बसून पक्का केला. उष्णतेने घट्ट होणाऱ्या अॅक्रिलिकमध्ये झिर्कोनियाचे (झिर्कोनियम ऑक्साइडचे) नॅनोकण मिसळले तर कवळीचा बेस वाकताना उशिरा तुटतो का, आणि तसं होत असेल तर कशामुळे? प्रश्नाचा दुसरा भाग माझ्या आग्रहाने घातला. पहिल्या भागावर शोधनिबंध भरपूर आहेत, पण त्यांचे निष्कर्ष आपसांत जुळत नाहीत. एकाच टक्केवारीला कुणाकडे ताकद वाढते, कुणाकडे घटते. हा गोंधळ का होतो ते कळलं नाही तर आणखी एक तक्ता छापून काय साधणार?

पार्श्वभूमी थोडक्यात. पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, म्हणजे पीएमएमए (हेच ते अॅक्रिलिक), १९३७ मध्ये वॉल्टर राइट यांनी कवळीसाठी वापरून दाखवलं आणि दहाएक वर्षांत व्हल्कनाइट रबर मागे पडलं. हिरडीशी जुळणारा रंग, हलकं वजन, सोपी दुरुस्ती, सगळं जमलं. तुटण्याची तक्रार मात्र राहिली. वरची कवळी बहुधा मधोमध तुटते. चावताना ती दर वेळी किंचित वाकते आणि ओठाच्या फ्रेनमसाठी (ओठ हिरडीला जोडणाऱ्या पट्टीसाठी) ठेवलेल्या खाचेशी ताण एकवटतो. धुताना हातातून निसटून तुटणं हा दुसरा प्रकार. पहिला थकव्याचा, दुसरा आघाताचा. दोन्हींना ‘मजबुती’ हा एकच शब्द लावून चालणार नाही.

कवळी तुटलेला माणूस ओपीडीत येतो तेव्हा तोंडावर हात धरूनच बोलतो. दुरुस्ती होईपर्यंत त्याचं नीट जेवण बंद असतं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त पदार्थविज्ञानाचा नाही.

९ जून

कण किती घालायचे हे ठरवण्याआधी हिशेब केला, आणि त्यातच निबंधांमधल्या निम्म्या गोंधळाचं कारण दिसायला लागलं.

सगळे टक्केवारी वजनाने लिहितात. पण कशाच्या वजनाच्या? काही जण फक्त अॅक्रिलिकच्या पावडरच्या, काही जण तिच्यात द्रव मिसळून होणाऱ्या पूर्ण मिश्रणाच्या. पावडर आणि द्रव वजनाने साधारण अडीचास एक घेतलं, तर १०० ग्रॅम पावडरला ४० ग्रॅम द्रव लागतो. पावडरच्या ३ टक्के म्हणजे १४० ग्रॅम मिश्रणात ३ ग्रॅम, म्हणजे प्रत्यक्षात २.१ टक्के. दोन्ही ठिकाणी कागदावर ३ टक्केच लिहिलेलं असतं.

पुढचा मुद्दा घनतेचा. झिर्कोनियाची घनता ५.७ च्या आसपास, पीएमएमएची १.१९. पूर्ण मिश्रणाच्या वजनाने ३ टक्के झिर्कोनिया घातलं तर आकारमानाने ते जेमतेम ०.६४ टक्के भरतं. सिलिकाची घनता २.२, त्यामुळे तेच ३ टक्के आकारमानाने १.६५ टक्के होतात. ‘३ टक्के झिर्कोनिया विरुद्ध ३ टक्के सिलिका’ अशी तुलना करणारा तक्ता खरं तर एका बाजूला अडीचपट जास्त भरणा करून बसलेला असतो. तडा वजन बघत नाही. त्याच्या वाटेत किती जागा कणांनी अडवली आहे, यावर सगळं ठरतं.

ठरलं असं: टक्केवारी पूर्ण मिश्रणाच्या वजनाने लिहायची आणि प्रत्येक तक्त्यात शेजारी आकारमानाचा रकाना ठेवायचा. गट: काहीही न घातलेला, सिलेन (कण आणि अॅक्रिलिक यांना जोडणारं रसायन) लावलेलं झिर्कोनिया १, ३, ५ आणि ७ टक्के, आणि सिलेन न लावलेलं ३ टक्के. हा शेवटचा गट मॅडमना आधी जास्तीचा वाटला होता. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कणामुळे काय होतं आणि कणाच्या पकडीमुळे काय होतं हे त्याच्याशिवाय वेगळं करता येणार नाही.

१४ जून

सिलेन किती लागेल याचा हिशेब. कण ४० नॅनोमीटरचे आणि गोल धरले, तर एका ग्रॅमचं पृष्ठफळ ६ भागिले घनता आणि व्यास यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे २६ चौरस मीटर. चिमूटभर पावडरमागे एवढा पृष्ठभाग! मेथॅक्रिलॉक्सिप्रोपिल ट्रायमेथॉक्सिसिलेनच्या एका ग्रॅमने साधारण ३१४ चौरस मीटर पृष्ठभाग एका थरात झाकला जातो. म्हणजे १० ग्रॅम झिर्कोनियाला ०.८४ ग्रॅम सिलेन.

जास्त घातलं तर जास्त चांगलं, असं इथे होत नाही. एका थराच्या वर गेलेलं सिलेन कणाला रासायनिकरीत्या धरून बसत नाही, नुसतं चिकटून राहतं, आणि तो मऊ थर पुढे निसरडा ठरतो. बऱ्याच निबंधांत सिलेनचं प्रमाण सांगितलेलंच नसतं. कणांचा आकार सांगायचा आणि सिलेनचं प्रमाण गाळायचं, यात पाककृती अर्धीच राहते.

१७ जून

सिलेन लावणं झालं. इथेनॉल आणि पाणी, अॅसेटिक आम्लाने पीएच ४ ते ५ च्या दरम्यान. सिलेनचे मेथॉक्सी गट पाण्याने सुटतात, सिलॅनॉल बनतात आणि ते कणाच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांशी जुळतात. दुसऱ्या टोकाचा मेथॅक्रिलेट गट मोकळा राहतो. अॅक्रिलिक घट्ट होताना तो साखळीत ओवला जाईल, अशी सगळी आशा आहे.

सुकी नॅनोपावडर हाताळताना फ्यूम हूड चालू आणि तोंडाला एन-९५. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणूनच नियम सैल करायचा नाही. प्रयोगशाळेतल्या काकांनाही मास्क दिला. ते इतकी वर्षं मोनोमरचा, म्हणजे अॅक्रिलिकच्या द्रवाचा, वास घेत काम करत आले आहेत. मिसळायचं टेबल आता खिडकीपासून हलवून हूडखाली आणलं, आणि प्रकल्प संपल्यावरही ते तिथेच ठेवायचं असं मॅडमनी मान्य केलं.

२० जून

एफटीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने रासायनिक बंध ओळखायची चाचणी. सिलेन लावलेल्या कणांत १७२० वेव्हनंबरच्या जवळ कार्बोनिलचा पट्टा आणि १६३७ ला कार्बनच्या दुहेरी बंधाचा बारीक पट्टा दिसला. धुतलेल्या नमुन्यातही तो टिकला, म्हणजे नुसतं चिकटलेलं सिलेन निघून गेल्यावरही काही उरलं आहे. टीजीएमध्ये (नमुना तापवत त्याचं वजन मोजण्याच्या चाचणीत) २०० ते ५०० अंशांच्या दरम्यानची वजनघट कोऱ्या कणांपेक्षा स्पष्ट जास्त आली.

पण एक खबरदारी इथेच लिहून ठेवतो. सिलेनची खरी मैत्री सिलिकाशी. झिर्कोनियाचा पृष्ठभाग त्या मानाने अलिप्त असतो आणि तिथला बंध पाण्यात हळूहळू सुटू शकतो. दात जोडण्याच्या कामात झिर्कोनिया क्राउनला (दातावरच्या टोपीला) फॉस्फेट मोनोमर लावतात ते याच कारणाने. तेव्हा कोरड्या नमुन्यांवर मिळालेल्या यशावर विसंबायचं नाही. पाण्यात दीर्घकाळ ठेवलेला संच हवाच.

२५ जून

कण पावडरमध्ये मिसळायचे की द्रवात? दोन्ही करून पाहिलं आणि द्रवाची बाजू घेतली.

अॅक्रिलिकची पावडर म्हणजे आधीच पॉलिमर झालेले मणी, काही दहा मायक्रॉनपासून शंभराच्या आसपास. द्रवात ते पूर्ण विरघळत नाहीत. बाहेरचा थर फुगतो, गाभा तसाच राहतो. नॅनोकण या मण्यांच्या आत शिरूच शकत नाहीत. ते फक्त मधल्या भागात बसतात, जिथे मोनोमर नव्याने घट्ट होतो. तो भाग एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. म्हणजे आकारमानाने ०.६४ टक्के कागदावर, पण जिथे ते खरोखर आहेत तिथे २ टक्क्यांच्या जवळपास. ७ टक्क्यांच्या गटात त्या मधल्या भागात ५ टक्क्यांच्या आसपास भरणा होतो. वजनाने ७ टक्के ऐकायला थोडं वाटतं. मण्यांच्या फटींत मात्र ती गर्दीच.

सुकी पावडर मिसळली की कण मण्यांच्या पृष्ठभागावर चिकटून गुठळ्या धरतात, आणि त्या गुठळ्या फोडायला डो अवस्थेत (मिश्रण मळलेल्या कणकेसारखं असताना) पुरेशी ताकद लागतच नाही. द्रवात घालून प्रोब सोनिकेटरने (ध्वनिलहरींच्या यंत्राने) फोडल्या तर फरक पडतो. बर्फाच्या पाण्यात बीकर ठेवून, थांबत थांबत. मिथाइल मेथॅक्रिलेट, म्हणजे हा द्रव, १० अंशांच्या आसपासच पेटण्याजोगी वाफ देतं आणि तापलं तर तिथल्या तिथे पॉलिमर व्हायला लागतं. ठिणगीचा संबंध येईल असं काहीही आसपास ठेवायचं नाही.

२६ जून

कालच्या द्रवातून एक सोपी चाचणी सापडली. मोनोमरमध्ये ४० नॅनोमीटरचा सुटा कण किती वेगाने खाली बसेल, हे स्टोक्सच्या सूत्राने काढलं: तासाला २५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे व्यवहारात बसतच नाही. २ मायक्रॉनची भरीव गुठळी मिनिटाला सुमारे १ मिलिमीटर खाली येते. गुठळी सच्छिद्र असते म्हणून जरा हळू येईल, पण तरी मिनिटांतच दिसते. बाटली टेबलावर उभी करून दहा मिनिटं बघायची. तळाशी पांढरा थर दिसला तर ते मिश्रण पुढे न्यायचं नाही.

सिलेन न लावलेल्या कणांची बाटली लगेच खाली साचते. सिलेन लावलेली १ आणि ३ टक्क्यांची दुधट राहते. ७ टक्क्यांची कितीही सोनिकेट केली तरी थोडी खाली बसतेच. यंत्रावर जायच्या आधीच निकालाचा अर्धा अंदाज या बाटल्यांनी दिला. ही चाचणी करायला घड्याळ आणि काचेची बाटली सोडून काही लागत नाही, तरी ती कुणी नोंदवलेली मला दिसली नाही. माझ्या प्रबंधात तिला स्वतंत्र परिच्छेद असेल.

१ जुलै

साचे तयार. मेणाच्या पट्ट्या फ्लास्कमध्ये डेंटल स्टोनवर, डीवॅक्सिंग (मेण वितळवून काढणं), सेपरेटिंग मीडियमचे दोन हात, डो अवस्थेला पॅकिंग (साच्यात भरणं), ट्रायल क्लोजर, फ्लॅश (बाहेर आलेलं जास्तीचं मिश्रण) कापणं. नेहमीचंच. एक फरक लक्षात आला: कण घातलेलं मिश्रण डो अवस्थेला येण्याचा वेळ बदलतो आणि ५ टक्क्यांपासून वर ते ताठर लागतं. ताठर डो साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरत नाही. दाब वाढवून पॅकिंग करावं लागतं, नाहीतर हवा अडकते. तेव्हा जास्त टक्क्यांच्या गटात ताकद घटली तर त्यातला काही वाटा पॅकिंगचा असू शकतो. सगळ्या गटांना एकच दाब आणि एकच वेळ ठरवला, म्हणजे वेगळेपण एका जागी तरी राहील.

क्युअरिंग (उष्णतेने घट्ट करणं): ७४ अंशांवर २ तास, मग १०० अंशांवर १ तास, आणि फ्लास्क सावकाश गार. एकदम उकळत्या पाण्यात घातलं तर जाड भागात आतलं तापमान मोनोमरच्या १००.८ अंशांच्या उत्कलनबिंदूपलीकडे जातं आणि आत बुडबुडे राहतात.

८ जुलै

दिवसभर घासकाम. आयएसओ २०७९५-१ या कवळीच्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पट्टी ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद, ३.३ जाड. पाण्याखाली १२०० नंबरच्या पेपरपर्यंत.

जाडी मोजण्यात जीव ओतावा लागतो, कारण फ्लेक्शुरल स्ट्रेंथच्या (वाकताना तुटण्याच्या ताकदीच्या) सूत्रात ती वर्गात येते. ३.३ ची पट्टी प्रत्यक्षात ३.४ असेल आणि हिशेबात ३.३ च धरली, तर ताकद ६ टक्क्यांनी फुगलेली दिसते. कितीतरी निबंधांत दोन गटांमधला ‘लक्षणीय’ फरक ६ ते १० टक्के असतो! म्हणून प्रत्येक पट्टी मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना मायक्रोमीटरने मोजायची, आणि हिशेबात त्याच पट्टीची स्वतःची जाडी घालायची. काकांनी जाडीचा रकाना रजिस्टरमध्ये लाल शाईने आखून दिला.

मानकानुसार गटात पाच पट्ट्या पुरतात. मला तुटण्याच्या विखुरण्यावरून वायबुल मॉड्युलस (पट्ट्या किती एकसारख्या तुटतात त्याचं माप) काढायचा आहे, आणि त्याला तीसेक तरी हव्यात. तेवढ्या केल्या.

१२ जुलै

यूटीएम, म्हणजे पट्टी वाकवून तोडायचं यंत्र. ३७ अंशांच्या पाण्यात ५० तास ठेवलेल्या पट्ट्या, आधारांमधलं अंतर ५० मिलिमीटर, वेग मिनिटाला ५ मिलिमीटर, चाचणीही ३७ अंशांच्या पाण्यातच. मानकाची किमान मर्यादा ६५ मेगापास्कल. या मापाच्या पट्टीला ते म्हणजे ९४ न्यूटन. मधोमध साडेनऊ किलोचं वजन टांगल्यासारखं.

कोरा गट मर्यादेच्या आरामात वर. आकडे तक्त्यात आहेत. इथे अर्थ तेवढा लिहितो.

सिलेन लावलेल्या १ टक्क्याच्या गटात ताकद थोडी वाढली आणि ३ टक्क्यांत सर्वांत जास्त. ५ टक्क्यांना उतरण सुरू. ७ टक्क्यांना सरासरी कोऱ्या गटाच्याही खाली. सिलेन न लावलेला ३ टक्क्यांचा गट कोऱ्या गटापेक्षा चांगला नाहीच, किंचित खालीच. तेच कण, तीच टक्केवारी, फक्त पकड वेगळी.

फ्लेक्शुरल मॉड्युलसमध्ये, म्हणजे ताठरपणात, सांगण्यासारखा बदल नाही. कुणी याला अपयश म्हणेल. मी म्हणणार नाही. आकारमानाने ०.६४ टक्के कडक कण असतील तर आइनस्टाइनच्या जुन्या समीकरणाप्रमाणे ताठरपणा सुमारे १.६ टक्केच वाढायला हवा, आणि तो मापनाच्या विखुरण्यातच हरवतो. पदार्थ ताठ झाला नाही, तरी उशिरा तुटला. तेव्हा वाढीचं कारण तड्याच्या वाटेत शोधायला हवं.

१५ जुलै

वायबुल आलेख काढले. सरासरीपेक्षा हे जास्त बोलतात. ३ टक्क्यांच्या सिलेनवाल्या गटाची रेघ उभी, म्हणजे पट्ट्या एकमेकींसारख्या तुटतात. ७ टक्क्यांची रेघ आडवी पडलेली: त्यात कोऱ्या गटाच्या तोडीच्या काही पट्ट्या आहेत आणि काही फारच लवकर तुटलेल्या. रुग्णाला सरासरी मिळत नाही; त्याला एक कवळी मिळते. ती त्या लवकर तुटणाऱ्या टोकाची निघाली तर सरासरीचं त्याला काय? माझ्या मते कवळीच्या पदार्थाचा कुठलाही निबंध वायबुलशिवाय स्वीकारूच नये. अनोव्हा आणि टुकी या सांख्यिकी चाचण्या सगळे करतात. त्यांनी गटांच्या सरासरीत फरक आहे का ते कळतं, सर्वांत कच्चा नमुना किती कच्चा आहे ते कळत नाही.

२१ जुलै

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. तुटलेल्या पृष्ठभागांवर सोन्याचा पातळ थर दिला आणि बॅकस्कॅटर मोडमध्ये पाहिलं. झिर्कोनियमचा अणुक्रमांक ४०, भोवतालच्या कार्बन-ऑक्सिजनच्या तुलनेत फार जड, त्यामुळे कण पांढरे चमकतात.

७ टक्क्यांच्या कच्च्या पट्ट्यांत तडा जिथून निघाला ती जागा खालच्या, ताणाच्या बाजूला, आणि तिथे दर वेळी काही ना काही सापडलं: मोठी गुठळी, तिच्या कडेने पोकळी, कधी दोन्ही. केवढी गुठळी धोकादायक, याचा हिशेब करून ठेवला होता. पीएमएमएची फ्रॅक्चर टफनेस (तडा पसरण्याला होणारा विरोध) १.२ मेगापास्कल वर्गमूळ मीटर आणि तुटण्याचा ताण ८० मेगापास्कल धरला, तर पृष्ठभागावरच्या निर्णायक दोषाची खोली ५० ते ६० मायक्रॉन येते. पाच मायक्रॉनची एखादी गुठळी पट्टीचं काही बिघडवत नाही. पण गुठळी, तिच्या कडेची हवा आणि मण्याची सैल सीमा असे तिघे एका रेषेत आले की ती खोली सहज गाठली जाते. ४० नॅनोमीटरचा कण विकत घ्यायचा आणि ५० मायक्रॉनचा दोष तयार करायचा, हे जास्त टक्क्यांत घडतं. पदार्थाला कणाचा आकार कळत नाही, गुठळीचा कळतो.

३ टक्क्यांच्या सिलेनवाल्या गटात पृष्ठभाग खडबडीत, तडा वाकडातिकडा गेलेला. मण्यांमधल्या फटींतच हा खडबडीतपणा दिसतो. मण्यांच्या गाभ्यातून तडा सरळ कापत गेला आहे. २५ जूनच्या हिशेबाला हा डोळ्यांनी मिळालेला पुरावा. कण अर्ध्याहून अधिक पदार्थात नाहीतच, तेव्हा त्यांचं काम फटींपुरतंच.

सिलेन नसलेल्या गटात कण निघून गेल्याच्या स्वच्छ खळग्या. कणांना पॉलिमर जराही चिकटलेला नाही.

२४ जुलै

मॅडमनी विचारलं: फेजबदलाने आलेली टफनेस असेल का? झिर्कोनियाबद्दल हे स्पष्टीकरण हमखास दिलं जातं. टेट्रागोनल स्फटिक तड्याच्या टोकाशी मोनोक्लिनिक होतो, आकारमानाने ४ टक्क्यांच्या आसपास फुगतो आणि तडा दाबून धरतो. सिरॅमिक क्राउनमध्ये हे खरं आहे.

अॅक्रिलिकमध्ये मला ते पटत नाही, आणि कारणं लिहून ठेवतो. एक, इतक्या बारीक कणात टेट्रागोनल रूप आकारामुळेच स्थिर असतं, सहज बदलत नाही. दोन, फुगण्याचा दाब तड्यावर यायला भोवतालचा पदार्थ कडक हवा. सुमारे ३ गिगापास्कल मॉड्युलसचं पीएमएमए तो दाब झेलून मोकळं होईल. तीन, कणांची संख्याच तुरळक. चार, तसा बदल झाला तर एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये दिसायला हवा. म्हणून तुटलेला पृष्ठभाग आणि न तुटलेली पट्टी दोन्ही तपासली. ३०.२ अंशांजवळचं टेट्रागोनल शिखर दोन्हींत सारखंच, २८.२ ला मोनोक्लिनिक वाढलेलं नाही. इतक्या थोड्या झिर्कोनियात बारीक बदल पकडणं अवघड असतं, हे मान्य. तरी जे दिसत नाही ते कारण म्हणून मी लिहिणार नाही.

३० जुलै

रंग. ३ टक्क्यांची पट्टी किंचित फिकट, ७ टक्क्यांची खडूसारखी. पीएमएमएचा अपवर्तनांक १.४९, झिर्कोनियाचा २.१ च्या पुढे, त्यामुळे प्रकाश विखुरतो. पण ४० नॅनोमीटरचा सुटा कण प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे फार लहान. पांढरेपणा मुख्यतः गुठळ्यांचा. म्हणजे डेंटल टेक्निशियनलाही उघड्या डोळ्यांनी गुठळ्यांचा अंदाज येऊ शकतो. सिलिकाचा अपवर्तनांक १.४६, त्यामुळे त्याची पट्टी जवळपास कोऱ्या पट्टीसारखीच दिसते. दिसण्यात सिलिका सरस.

एका सहकाऱ्याने टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड) का नाही असं विचारलं. कॅन्डिडा या बुरशीविरुद्ध त्याचा उपयोग सांगितला जातो. पण त्याची ती क्रिया अतिनील प्रकाशावर चालते, तोंडात अंधार असतो, आणि तीच क्रिया भोवतालच्या पॉलिमरलाही सोडत नाही. ताकदीचे निकालही संमिश्र. या प्रकल्पात नाही.

६ ऑगस्ट

शार्पी आघात चाचणी. कुठल्याही गटात म्हणावी तशी वाढ नाही, ७ टक्क्यांत घट. अपेक्षितच. आघातात ऊर्जा शोषायला मऊ काही लागतं. रबराचे कण घातलेलं हाय-इम्पॅक्ट अॅक्रिलिक ते करतं, कडक सिरॅमिक कण करत नाहीत. आयएसओमध्ये हाय-इम्पॅक्ट म्हणवून घ्यायला १.९ टफनेस आणि चौरस मीटरला ९०० जूल मोडणूक-ऊर्जा हवी. आम्ही त्याच्या आसपासही नाही. तेव्हा रुग्णाला ‘नॅनो घातलंय, पडली तरी तुटणार नाही’ असं सांगणं चुकीचं ठरेल. बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर कवळी धुवा, हा सल्ला तसाच चालू राहील.

२८ ऑगस्ट

पाण्यात दीर्घकाळ ठेवलेल्या संचाचे निकाल. हा संच का हवा होता, ते आधी. पीएमएमएमध्ये ३७ अंशांना पाण्याचा विसरणांक (ते आत झिरपण्याचा वेग) सेकंदाला साधारण १ चौरस मायक्रॉन. ३.३ मिलिमीटर जाड पट्टीत ५० तासांत पाणी पूर्ण शोषणाच्या ३० टक्क्यांपर्यंतच पोचतं. मानकातली चाचणी सगळ्यांना एका पातळीवर तोलायला ठीक, पण तोंडात महिनोन्महिने असलेली कवळी पूर्ण भिजलेली असते. त्या अवस्थेतली ताकद पाहिल्याशिवाय काही म्हणायचं नाही, हे २० जूनलाच ठरलं होतं.

कोरा गट भिजल्यावर थोडा उतरला. पाणी प्लास्टिसायझरसारखं वागतं, म्हणजे पदार्थ मऊ करतं, तेवढी घट सगळ्यांत धरायची. सिलेनवाला ३ टक्क्यांचा गट जास्त उतरला. अजूनही कोऱ्या गटाच्या वर आहे, पण जुलैमधलं अंतर बरंच मिटलं. सिलेन नसलेला गट सर्वांत खाली. सूक्ष्मदर्शकात सिलेनवाल्या गटातही आता जागोजागी स्वच्छ खळग्या दिसतात, जुलैत त्या क्वचित होत्या. कण आणि सिलेन यांच्यामधला बंध पाण्याने सुटतोय, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

प्रबंधातला मुख्य तक्ता हाच राहील, ५० तासांचा त्याच्यामागे. मॅडमची आधी वेगळी सूचना होती, कारण ५० तासांचे आकडे दिसायला छान आहेत आणि इतर निबंधांशी तुलना करता येते. दोन्ही तक्ते समोर ठेवून बोललो. भिजलेल्या पट्टीचे आकडे पुढे असतील, यावर त्यांची सही झाली.

२ सप्टेंबर

पुढची जुळवणी. टक्केवारी ३ च्या वर न्यायची नाही. १ ते ३ च्या मध्ये २ टक्क्यांचा एक गट वाढवायचा. सिलेनऐवजी १०-एमडीपी, तोच फॉस्फेट मोनोमर, कणांवर लावून पाहायचा. त्याचा फॉस्फेट गट झिर्कोनियाला थेट धरतो, दुसऱ्या टोकाला मेथॅक्रिलेट आहेच. कोरा गट, सिलेनवाला आणि एमडीपीवाला, तिघेही पूर्ण भिजवून मगच यंत्रावर.

स्थिर भारासोबत थकव्याची चाचणीही घ्यायची: पाण्यात, पुन्हा पुन्हा वाकवून, तुटण्याच्या ताकदीच्या बऱ्याच खालच्या भारावर. ५ जूनला ज्या मधोमध तुटण्यापासून सुरुवात केली, त्याच्याशी जुळणारी चाचणी हीच. नमुन्याच्या कडेला फ्रेनमच्या खाचेइतक्या त्रिज्येची खाच ठेवायची का, यावर काकांशी बोललो. खाच करणं त्यांना जमेल, पण प्रत्येक पट्टीला सारखी यायला धातूची जिग लागेल. तिचं चित्र काढून वर्कशॉपला दिलं. जिग येईपर्यंत एमडीपी लावलेल्या कणांची बाटली-चाचणी उरकून घेतो.